ओल्ड स्कूल रेव्ह : बर्मिंगहॅममधली एक रात्र

निशाचर
परवाच्या शनिवारी बर्मिंगहॅमला ओल्ड स्कूल रेव्हला जाऊन आले. रेव्ह म्हणजे यंत्रांवर केलेल्या संगीतावर रात्रभर नाचायची पार्टी, आणि ओल्ड स्कूल म्हणजे जुन्या काळच्या रेकॉर्डींवर. इथले संगीताचे धागे नाट्यपदं, गझला आणि आरडी यांच्याबाहेर सहसा जात नाहीत, तेव्हा हा जरा आडवाटेचा.

निमित्त आमच्या लॅबमधला एक सहकारी. पन्नाशी उलटलेला, नातीचे फोटो दाखवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चहा पिताना एकदा विषय निघाला आणि कळलं, की हा गृहस्थ तरुणपणी दर शनिवारी जुनाट गाडीत पाच जण कोंबून कुठल्यातरी गोदामात नाहीतर माळावर उजाडेपर्यंत नाचायचा. मी हसले तर म्हणाला, आधी येऊन बघ, मग हस. मग तो, त्याची बायको, मेव्हणी आणि मी असे गेलो.

जागा शहरातल्या डिगबेथ भागात, रेल्वेच्या विटांच्या कमानींजवळचं एक जुनं गोदाम. पत्रकावर मोठ्या आकड्यांत ‘८८ ते ९४’, म्हणजे त्यानंतर निघालेली एकही रेकॉर्ड वाजणार नाही. रांगेतले बहुतेक पंचेचाळीस ते साठच्या घरातले. टकलं, वाचायचे चष्मे, एकाच्या गुडघ्याला पट्टा. अंगात मात्र पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे ढगळ टीशर्ट, गळ्यात शिट्ट्या, हातात पांढरे हातमोजे. दोघीतिघी रस्त्याचं काम करणारे घालतात तसल्या चमकत्या जॅकेटांत आल्या होत्या. आत शिरल्या शिरल्या नाकात व्हिक्सचा वास. हो, तेच आपलं सर्दीचं. डबी या हातातून त्या हातात फिरत होती. सहकाऱ्याचं म्हणणं, तेव्हाही असंच असायचं.

पहिला तासभर मला काही झेपलं नाही. एकच ठेका, त्यावर कुरकुरणारं कुठलंतरी यंत्र, मध्येच माइकवर कुणीतरी ओरडतंय. मी भिंतीला टेकून पाणी प्यायले आणि शेवटची गाडी किती वाजता ते फोनवर बघून ठेवलं.

मग डीजेच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले आणि तिथे मजा यायला लागली. खऱ्या रेकॉर्डी होत्या. टर्नटेबल काँक्रीटच्या जाड लाद्यांवर, लाद्यांखाली स्पंज, नाहीतर बेसच्या हादऱ्याने सुई उडते. डीजे बाई होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. हेडफोनचा एकच डबा खांद्याने कानावर दाबून धरलेला, त्यात पुढची रेकॉर्ड चालू. वेगाची पट्टी तिने नखभर खाली घेतली, पुन्हा केसभर वर केली. मग रेकॉर्डच्या मधल्या कागदावर दोन बोटं टेकवून ती किंचित अडवली, आणि दोन्ही ठेके एकमेकांवर असे बसले, की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते समोर उभं राहूनही सांगता येईना.

पुढे एकदा तिने सगळा ठेका काढून घेतला आणि नुसता पियानो उरला. जाडजूड, उड्या मारणारा. अख्ख्या हॉलचे हात वर. माझेही. बेस परत आला तो थेट बरगड्यांत. त्यानंतर मी भिंतीकडे फिरकले नाही.

रविवारी त्यातलीच चार गाणी फोनवर लावून पाहिली, तर पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजली. जाणकारांना विचारायचंय, असं का? आणि गाणाऱ्या बायकांचे आवाज इतके चिरके का? ढोलाचा एकच तुकडा रात्रभर निरनिराळ्या गाण्यांत फिरतोय असं वाटत होतं, तो भास होता का?

पेठेतला_पोपट
झकास. फोटो नाहीत?

निशाचर
कॅमेऱ्यावर दारातच स्टिकर लावतात. उत्तम सोय आहे, लग्नकार्यातही व्हावी.

खडूस
धागा वाचला. जे संगीत घरी बसून ऐकवत नाही ते संगीत कसलं? भीमसेनजी रेडिओच्या खरखरीतूनही पोचायचे. दुसरं, अमली पदार्थांबद्दल धाग्यात सोयीस्कर मौन दिसतं.

साउंडवाला
@निशाचर, इथे स्पीकर भाड्याने देण्याच्या धंद्यात आयुष्य चाललंय, तेव्हा हा विषय माझ्या घरचाच.

चिरका आवाज : त्या काळच्या सँपलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, वेग आणि सूर वेगळे करता येत नसत. मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर लावली की जे होतं तेच. समजा ११० बीपीएमच्या (मिनिटाला ११० ठोके) जुन्या सोल गाण्यातली एक ओळ उचलली आणि तुमचं गाणं आहे १४०चं, तर ओळ पळवावीच लागते, आणि पळवली की आवाज सुमारे चार अर्धस्वर वर चढतो. सूर न हलवता वेग बदलायची सोय पुढे अकाय कंपनीच्या सँपलरांत आली, पण तिने आवाज दाणेदार, फाटल्यासारखा यायचा. पोरांनी तोसुद्धा मुद्दाम वापरला. नाइलाजातून आलेला चिरका आवाज लोकांना इतका आवडला, की गरज संपल्यावरही राहिला.

ढोलाचा तुकडा : भास अजिबात नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या द विन्स्टन्स नावाच्या बँडने एक रेकॉर्ड काढली, तिच्या मागच्या बाजूला ‘अमेन, ब्रदर’ हे गाणं. त्यात मधेच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. ते सँपलरमध्ये घेऊन एकेक ठोका सुटा करायचा आणि उलटसुलट लावून नवीन चलन बांधायचं. हार्डकोर आणि जंगल या रेव्हमधल्या संगीतप्रकारांचा मोठा भाग या सात सेकंदांवर उभा आहे. कोलमन २००६ मध्ये गेला, तोही बेघर अवस्थेत. त्याला त्यातून एक छदाम मिळाला नाही. २०१५ साली ब्रिटनमधल्या काही डीजेंनी लोकवर्गणी काढून बँडच्या म्होरक्याला, रिचर्ड स्पेन्सरला, सुमारे २४,००० पौंड पाठवले. हिशोब करायचा तर काहीच नाही, पण निदान कुणाला तरी आठवण झाली.

कुरकुरणारं यंत्र म्हणजे रोलँडचं टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून १९८१च्या सुमारास काढलेलं. खऱ्या बेससारखं ते कधीच वाजलं नाही. १९८४ मध्ये बंद पडलं आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळायला लागलं. शिकागोच्या फ्युचर या तिकडीने ते वाजत असताना त्याची बटणं पिळून पाहिली, १९८७ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली, आणि या कुरकुरीवर नाचायचं संगीत म्हणजे अ‍ॅसिड हाउस जन्माला आलं.

आता @खडूस काका, तुमचा मुद्दा. या रेकॉर्डी घरी ऐकण्याच्या हिशोबाने केलेल्याच नाहीत. बहुतेक रेकॉर्डींच्या सुरुवातीला आणि शेवटाला मिनिटभर नुसता ठेका असतो, तो मागच्या-पुढच्या रेकॉर्डीला आत शिरायला ठेवलेली जागा. एकटी रेकॉर्ड म्हणजे अर्धाच माल. वर ५० हर्ट्झच्या बेसची लाट जवळपास सात मीटर लांब असते, ती फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघणार कशी? तुम्ही फोनवर जे ऐकलंत त्यातून पाया काढून घेतलेला होता.

निशाचर
@साउंडवाला, वा! म्हणजे मी रविवारी निम्मंच गाणं ऐकत होते. शेवटी शेवटी वेग फार वाढला, तरी साठीचे लोक आरामात नाचत होते, तेही सांगा ना.

साउंडवाला
१९८८ च्या आसपास वेग १२०च्या घरात होता, १९९४च्या जंगलमध्ये १६०. पण जंगलचा बेस डब या जमैकाच्या बेसप्रधान संगीतातून आलेला. ढोल दुगुनीत पळतात आणि बेस निम्म्या लयीत चालतो. गुडघे चांगले असतील तर ढोल धरा, नसतील तर बेस धरा. दोघंही समेवर एकदमच येतात. माझ्या मते या संगीतातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

निशाचर
@खडूस काका, मौन नव्हतं, मी पाहिलं नाही म्हणून लिहिलं नाही. पण एक्स्टसी या नशेच्या गोळ्यांशिवाय त्या काळाची गोष्ट पूर्ण होत नाही हे खरं. सहकारीही लपवत नाही. त्याच्या ओळखीतला एक जण त्यात गेला. गोळी, तासन्‌तास नाच आणि कोंदट हॉल यांनी अंग तापून माणसं दगावायची, आणि काही क्लबवाले बाटल्या खपाव्यात म्हणून संडासातले नळ बंद ठेवायचे. याचा त्याला गोळ्यांपेक्षा जास्त राग आहे. आता इंग्लंड-वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागेत पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, २०१० पासून. परवा बारवर जगच ठेवले होते.

कोव्हेंट्रीची_काकू
इतक्या वर्षांत या विषयावर कुणी मराठीत लिहील असं वाटलं नव्हतं गं. मी १९८६ साली लग्न होऊन कोव्हेंट्रीला आले. आमचं कोपऱ्यावर दुकान, वर्तमानपत्रं, दूध, सिगारेटी. इथे एक्लिप्स नावाचा क्लब १९९० मध्ये निघाला, रात्रभर चालणारा. अशी कायदेशीर परवानगी मिळालेल्या देशातल्या पहिल्यावहिल्यांपैकी.

रविवारी पहाटे पाचला आमचं काम सुरू. वर्तमानपत्रांचे गठ्ठे दाराशी पडलेले, त्यांत पुरवण्या घालत बसायचं. सहाच्या सुमाराला ही पोरं यायची. घामाने ओले कपडे, त्यावर बापाचा कोट, डोळ्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या. ल्युकोझेड (ग्लुकोजचं पेय), च्युइंगगम आणि दूध घ्यायची. सासूबाई आधी घाबरायच्या, मग त्यांच्याच लक्षात आलं की आदल्या रात्री पबमधून निघालेली गिऱ्हाइकं शिव्या देतात, बाटल्या फोडतात, आणि ही पोरं ‘प्लीज’ आणि ‘थँक्यू’शिवाय बोलत नाहीत. एकाने तर गठ्ठे आत उचलून आणून दिले होते. मला गोळ्यांचं कौतुक नाही, एवढंच की त्या पोरांची मला कधी भीती वाटली नाही.

गल्ल्यापाशी पत्रकं ठेवून जायची. चकचकीत, ग्रहगोल, चेहरे, नुसते रंग. आमचा मुलगा त्यांच्या पाठीमागे गणितं सोडवायचा. आज ती पत्रकं लोक जमवतात म्हणे, आमची सगळी रद्दीत गेली.

आणि कॅसेटी! रात्रीचं सगळं रेकॉर्डिंग करून सहा-आठ कॅसेटींचा संच प्लास्टिकच्या मोठ्या पेटीत विकायचे. ड्रीमस्केप, फँटाझिया अशी नावं. ज्यांना आईबाप जाऊ देत नसत ती पोरं शाळेच्या वाटेवर वॉकमनवर ऐकायची.

निशाचर
काकू, तुमच्या सासूबाईंवर वेगळा धागा काढा. आपल्या लोकांची मुलं जायची का हो?

कोव्हेंट्रीची_काकू
रात्री? नाव काढू नकोस. पण शेजारच्या पंजाबी मुली ‘डे-टाइमर’ला जायच्या. दुपारी भांगड्याचे कार्यक्रम असत. सकाळी गणवेशात निघायचं, पिशवीत सलवार-कमीज, आणि शाळा सुटायच्या वेळी परत गणवेशात घरी. आयांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

कज्जेदलाल
काकूंनी परवानगीचा विषय काढलाच आहे, तर कायद्याचं थोडं.

१९८८-८९ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्याच्या आसपास हजारो लोकांच्या पार्ट्या व्हायच्या. पत्ता आधी सांगत नसत. तिकिटावर फोन नंबर, त्यावर रात्री उशिरा ध्वनिमुद्रित निरोप : अमुक सर्व्हिस स्टेशनवर या. तिथे गाड्यांचे तांडे जमले की पुढचा पत्ता. पोलिसांना कळेपर्यंत पाच हजार माणूस आत. मग १९९० मध्ये विनापरवाना कार्यक्रमांचा दंड २०,००० पौंडांपर्यंत वाढवला, शिवाय सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. धंदेवाईक आयोजक परवाने घेऊन मोठ्या हॉलांत गेले. परवान्याशिवाय, फुकट पार्ट्या करणारे मात्र माळावरच राहिले.

मे १९९२ मध्ये माल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी कॅसलमॉर्टनचा माळ. दुसरीकडे व्हायची जत्रा पोलिसांनी अडवली, ते लोक इकडे सरकले. टीव्हीने बातमी दाखवली, आणि ती बघून उरलेले आले. वीस ते चाळीस हजार लोक, जवळपास आठवडाभर. गावकऱ्यांचे हाल झाले. झोप नाही, मेंढरं बिथरलेली, कुंपणं सरपणाला गेलेली. हे त्या काळाबद्दल हळवं होऊन लिहिणारे गाळतात. स्पायरल ट्राइब या फुकट पार्ट्या करणाऱ्या टोळीच्या तेरा जणांवर खटला भरला, पुढे सगळे निर्दोष सुटले.

पण तोवर १९९४ चा क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट येऊ घातला होता. त्याच्या कलम ६३ मध्ये खुल्या जागेत रात्री शंभर किंवा जास्त लोक जमवून मोठ्याने वाजवलेल्या संगीताचा बंदोबस्त केला होता, आणि ‘संगीत’ या शब्दात एकामागोमाग येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचे आवाजही धरावेत, असं कायद्यात लिहिलंय. संसदेने ठेक्याची व्याख्या केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. २००३ मध्ये शंभराचा आकडा वीसवर आणला. परवान्याच्या जागेला हे लागू नाही, त्यामुळे निशाचरताई सुरक्षित आहेत.

पेठेतला_पोपट
पुनरावृत्त ठोके! मग आमचा झपताल पण आत.

कज्जेदलाल
मोठ्याने, रात्रभर आणि गावाला त्रास होईल असा वाजवलात तर हो.

साउंडवाला
यावरून आठवलं. ऑटेकर या जोडीने १९९४ मध्ये निषेध म्हणून एक रेकॉर्ड काढली. तिच्यातल्या एका गाण्यात कुठलंच आवर्तन मागच्यासारखं नाही, आणि वर टीप : वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ ठेवा.

साताऱ्याचा_ढोल
सगळं वाचलं, आवडलं. पण प्रामाणिक प्रश्न. गणपतीत डॉल्बीच्या भिंती लावल्या की आपण सगळे नाकं मुरडतो, कोर्टात जातो. आणि तेच बर्मिंगहॅमला झालं की संस्कृती?

निशाचर
रास्त प्रश्न. माझ्यापुरता फरक एवढाच, की इथे मी तिकीट काढून गेले. मिरवणुकीत दवाखान्यातल्या पेशंटने तिकीट काढलेलं नसतं. कॅसलमॉर्टनच्या गावकऱ्यांची बाजू मी घेईन, तशीच दवाखान्याचीही.

साउंडवाला
आवाजाच्या पातळीत फार फरक नसतो, इथेही शंभर डेसिबलच्या घरात असतं. फरक हत्यार कुणाकडे तोंड करून लावलंय यात. चांगली यंत्रणा नाचायच्या जागेवर रोखलेली असते, बाहेर रस्त्यावर मीटर धरून कुणीतरी उभं असतं आणि मर्यादा ओलांडली की लिमिटर आवाज दाबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी कमाल १०० डेसिबल आणि शांत बसायला जागा, असं मानक दिलंय. तरी कानात बोळे घालाच. फिल्टरवाले घ्या, फोमचे घेतले तर वरचे सूर जातात आणि नुसता धबधब उरतो.

निशाचर
सहकाऱ्याच्या बायकोने मला दारातच दिले. स्वतः नव्वदीत घातले नाहीत, आता तिला रात्री उशीवर डोकं टेकलं की उजव्या कानात शिट्टी वाजते, कायमची. नाचताना तिचा हात सारखा कानाकडे जायचा, बोळा नीट बसलाय का बघायला.

तंबोरा
कुणीच चरणजीत सिंग यांचं नाव कसं काढलं नाही? मुंबईचे, हिंदी सिनेमात साथ करणारे वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीवर त्यांची रेकॉर्ड निघाली, दहा रागांना डिस्कोचा ठेका. त्यात हेच टीबी-३०३, सोबत रोलँडचंच टीआर-८०८ ढोलयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. विकली गेली नाही, विसरली गेली. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढली आणि ऐकणारे थक्क. अ‍ॅसिड हाउस शिकागोच्या आधी पाच वर्षं मुंबईत तयार होतं!

साउंडवाला
रेकॉर्ड थोरच आहे, पण ‘आपणच शोध लावला’ याला माझा विरोध. शिकागोत ती कुणी ऐकली होती असं दिसत नाही. मला यात जास्त रस वाटतो, की तेच यंत्र दोघांच्या हाती पडलं आणि वापर अगदी वेगळा झाला. या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. चरणजीत सिंगांनी तिच्यातून मींड काढली. शिकागोच्या पोरांनी सूर तसाच ठेवून त्याचा पोत पिळला. शेवटच्या वर्षांत ते युरोपात कार्यक्रमही करायचे, २०१५ मध्ये गेले.

अदृश्य_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. मलाही जायचंय, वय बावन्न, नवरा येणार नाही. एकटीने गेलं तर चालतं का? आणि कपडे?

निशाचर
बिनधास्त जा. ढगळ सुती कपडे आणि जुने, तळ न घसरणारे बूट, बाकी नटायचं नाही. मला दोनदा अनोळखी बायकांनी विचारलं, बरी आहेस ना, पाणी हवंय का. पुरुष अंगचटीला आले नाहीत. जो तो स्पीकरकडे तोंड करून नाचतो, जोडीने नाचायची पद्धतच नाही. हल्ली दुपारी सुरू होऊन रात्री दहाच्या आत संपणारे कार्यक्रमही निघालेत, खास आपल्या वयाच्या लोकांसाठी. पण मला रात्रीचाच आवडला. एकच तक्रार, कोट ठेवायच्या खिडकीवर परतताना पाऊण तास रांग. कोट न्यायचाच नाही, थंडी वाजू दे.

खडूस
चरणजीत सिंग ऐकले. तोडी दोनदा ऐकला. ठेका बंद करता आला असता तर तिसऱ्यांदाही ऐकला असता. बाकी माझं मत कायम आहे.

तंबोरा
काका, मोठ्या स्पीकरवर ऐका, ललतपासून सुरू करा.

खडूस
मोठे स्पीकर मुलगा घेऊन गेला.

निशाचर
वसंतात पुन्हा बेत आहे, त्याच गोदामात. @अदृश्य_वाचक, @कोव्हेंट्रीची_काकू, कुणी येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिकिटं एकत्र काढू. काकू, बसायला भिंतीकडेने बाकं आहेत, आणि पहाटे सहाच्या आत घरी सोडायची जबाबदारी माझी.

कोव्हेंट्रीची_काकू
दुकान विकून बरीच वर्षं झाली गं, आता सहाची घाई नाही. व्यनि केलाय.